पाणी वाचवलं आणि टाकी तुंबली: मोटरहोमने उरण ते बोर्ली

माझी धाकटी बहीण कमल बोर्लीच्या पुढे एका वाडीत राहते. आमच्या उरणच्या घरापासून गाडीने पाच तास. तरी आम्ही दोघी सहा वर्षं भेटलो नव्हतो. भांडण नव्हतं. वेळ नव्हता असंही नाही, आम्हा दोघींकडे वेळच वेळ आहे. कारण होतं संडास.

हसू नका. बायका हसणार नाहीत, मला माहीत आहे. हे मी पुरुषांना सांगते आहे. माझी पंचाहत्तरी उलटली, गुडघे वाकत नाहीत आणि दर तासाला जावं लागतं. एसटीत कुठे जाणार? आमच्या वेळच्या बायकांनी यावर एकच उपाय शोधला होता: आदल्या रात्रीपासून पाणी बंद. लग्न होऊन सासरी निघाले तेव्हा तहान लागली म्हणून मी तांब्या उचलला, तर आईने हातातून काढून घेतला. "नको पिऊ गं, वाटंत अडचण हुईल." सासरी पाठवताना आईने मला दिलेला उपदेश तेवढाच. तो मी जन्मभर पाळला. गेल्या वर्षी डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आजी, पाणी कमी पिता म्हणूनच लघवीला जळजळ होते. आई आणि डॉक्टरीणबाई, दोघींचं ऐकायचं कसं?

पाणी टाळण्यात कमल माझ्याही पुढे गेली. सहा वर्षांपूर्वी माझ्याकडून परत जाताना माणगावच्या अलीकडे एसटीतच तिचं लुगडं भिजलं. उतरेपर्यंत ती तशीच बसून राहिली. (हे लिहायला तिने परवानगी दिली आहे. म्हणाली, "सांग, बाकीच्यांना कळंल तरी.") त्यानंतर तिने वाडीच्या बाहेर पाऊल टाकलं नाही. फोनवर म्हणायची, "बाय, आता आपली गाठ वरतीच." आम्ही बौद्ध, आपल्यात वरती काही नसतं, हे तिला मी किती वेळा सांगायचं!

मग फेब्रुवारीत एके दिवशी माझी नात शलाका फोन नाचवत आली. ती न्हावा शेवाच्या बंदरात कंटेनरचे कागद बघते. हे लिहून घेणारीही तीच, तेव्हा यात काही गोड गोड दिसलं तर ते तिचं समजा. "आजी, हे बघ. चालतं घर. पनवेलला भाड्याने मिळतं. आत पलंग, शेगडी आणि..." तिने बोटांनी फोटो मोठा केला. "...संडास."

मी म्हटलं, "बघतेस काय? घे चार दिवस."

कमलला फोनवर सांगितलं की मी येते आहे, आणि येताना तुला बरोबर आणणार आहे. ती म्हणाली, "तू ये. माझं नाव काढू नको."

पहिला दिवस: पनवेल, वडखळ, चौल

गाडी टेम्पो ट्रॅव्हलरएवढी. मालकाने तासभर सगळं दाखवलं, दिवे कुठे, गॅस कुठे, पलंग कसा उलगडायचा. संडासाशी आला आणि म्हणाला, "वापरायच्या पाण्याची टाकी लहान आहे. पाणी जपून. कागद ठेवलाय." माझ्या कानात त्यातले दोनच शब्द गेले, पाणी जपून.

ते मला शिकवावं लागत नाही. लहानपणी आमच्या वाडीची विहीर चैत्रात आटायची. गावात दुसरी विहीर होती, तिला बारा महिने पाणी, पण तिथला पोहरा आम्ही धरायचा नाही. कोणी वरून ओतेल तेवढं खाली हंडा धरून घ्यायचं. तासन् तास उभं राहायचं, कोणाला दया येते का बघत. असं मिळवलेलं पाणी माणूस संडासात ओततो का? तुम्हीच सांगा.

गाडी चालवायला शलाकाचा नवरा निखिल. मी त्याला जावईबापू म्हणते, त्यामुळे तो गाडी जरा हळू चालवतो. सकाळी सहाच्या आत पनवेल सोडा. वडखळच्या चौकात ट्रक एकदा लागले की तुमचा नाश्ता तिथेच होतो. पुढे पोयनाडपासून रस्त्याच्या कडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसायला लागतात. घ्यायच्या असतील तर बारीक मानेच्या घ्या, त्या टिकतात.

आता मुख्य गोष्ट. गाडीतला संडास कपाटाएवढा आणि दार पापडासारखं पातळ. दारापासून चार फुटांवर नातजावई. मी आयुष्यात कोणत्या जावयासमोर "जाऊन येते" एवढंसुद्धा म्हटलेलं नाही. आमच्यात ते शोभत नाही. मग मी युक्ती केली. जेवायला पत्रावळ मांडतात तसा भांड्यात कागद मांडला, चांगला चार पदरी. काम झाल्यावर वरून आणखी दोन पदर. मग पायाने कळ दाबली आणि अर्धा पेला पाणी सोडलं. आवाज नाही की पाण्याची नासाडी नाही. मला माझंच कौतुक वाटलं. शलाकाने कागदही कसला आणला होता, तीन थरांचा, वासाचा, वर फुलं छापलेली. आमच्याकडे बाळंतिणीच्या वाट्याला एवढं मऊ काही आलं नव्हतं.

असं त्या दिवसात सात वेळा. पाणी मात्र मी प्यायले दिवसभरात मिळून एक पेला. आईचा उपदेश चालूच होता.

मुक्काम चौलला, नारळ-सुपारीच्या बागेत. रात्री जिताड्याचं कालवण आणि तांदळाची भाकरी. जिताडा मासा महाग असतो, भाव आधी विचारा. अशा गाडीने येणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं ते हे: मैल्याची टाकी रिकामी करायला या किनाऱ्यावर ठरलेली जागा आम्हाला कुठे दिसली नाही. मुक्कामाच्या मालकाला आधी फोन करून विचारायचं, तुमच्या सेप्टिक टँकला पाइप लावू द्याल का. बहुतेक जण हो म्हणतात. खाडीत किंवा गटारात सोडणारे लोक असतात म्हणे. त्यांच्या घरी कोणी आणून ओतलं तर चालेल का, विचारा त्यांना.

निखिलने पाइप जोडला, टाकीचं तोंड उघडणारी दांडी खेचली आणि रात्रभर तशीच उघडी ठेवली. "आजी, अगदी घरच्यासारखं. येईल तसं जात राहील." त्याच्या हुशारीचं मी कौतुक केलं. दोन हुशार माणसं एका गाडीत होती, हे तेव्हा कळलं नाही.

दुसरा दिवस: रेवदंडा, नांदगाव, मुरुड

सकाळी रेवदंड्याला कमलसाठी सुके बोंबील घेतले. बंदरावर मांडवांवर मासळी वाळत घातलेली, वास नाकात शिरतो. मला तो वास आवडतो, निखिलने काचा लावल्या. खाडीवरचा पूल ओलांडला तरी वास जाईना. शलाका म्हणाली बोंबलांचा आहे. बोंबील तीन पिशव्यांत बांधले. वास तसाच. मग पिशवी आरशाच्या दांडीला बाहेर टांगली, आणि समोरून येणारा प्रत्येक रिक्षावाला आमच्याकडे वळून बघायला लागला. वास मात्र आतच. दोष बिचाऱ्या बोंबलांवर जात राहिला.

काशीद मागे पडल्यावर मी आत गेले. कळ दाबली. भांड्यातलं पाणी खाली जायच्या ऐवजी वर आलं.

मी बाहेर आले आणि खिडकीशी बसले. समुद्र बघत राहिले. थोड्या वेळाने शलाका गेली आणि आतूनच ओरडली, "निखिल, गाडी थांबव!"

नांदगावला एका चहाच्या टपरीसमोर गाडी उभी केली. निखिलने टाकीचा काटा बघितला. रात्रभर रिकामी होत राहिलेली टाकी काट्यावर भरलेली. दांडी खेचली तर दोन थेंब पडले. मालकाला फोन लावला. तो म्हणाला, "बांबू घालू नका, टाकीला चीर पडेल. गाडी पनवेलला परत आणा."

परत. बोर्ली तासा-दोन तासांवर आणि परत.

तेवढ्यात माझा फोन वाजला. कमल. "बाय, कुठवर आलीस? घावनाचं तांदूळ वाटून ठेवलंय." एवढंच विचारायला तिने फोन केला होता. मी म्हटलं, "येतेय गं, जवळच आहे." फोन ठेवला. शलाका माझ्याकडे बघत होती. आता परत गेलो तर मी पुन्हा निघेन असं मलाच वाटत नव्हतं, मग कमल काय निघणार.

निखिल म्हणाला, "आजी, इथे कोणीतरी मिळेल ना साफ करायला. पैसे देऊ."

"कोणीतरी म्हणजे कोण, जावईबापू?"

मी चिडून नव्हते बोलले. पण गावात मेलेलं ढोर ओढायला कोणीतरी लागायचं, ते कोणीतरी म्हणजे माझे आजोबा. माझी घाण उपसायला मी कोणीतरी शोधणार नव्हते. स्वतः बादली घेऊन बसले असते, पण गुडघे ऐकत नाहीत.

टपरीवालीने सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "अन्वरभाईंना फोन लावा की. मुरुडला टँकर हाय त्यांचा. अशा गाड्यांचं त्यांना म्हाईत हाय."

अन्वरभाई अर्ध्या तासात स्कूटरवर आले. साठीच्या घरातले, पांढरी दाढी, डोक्याला जाळीची टोपी. वीस वर्षं आखातात होते, वाळवंटातल्या कामगारांच्या चाकावरच्या खोल्यांच्या टाक्या सांभाळायचं काम. गाडीत डोकावले, संडासात बघितलं, बाहेर आले, टाकीखाली वाकले. मग निखिलला विचारलं, "दांडी रातभर उघडी ठेवली?"

"हो. म्हणजे आपोआप जाईल म्हणून..."

"पाणी गेलं आपोआप. माल राहिला. दांडी उघडी असली की पाणी पुढं पळतं आनि कागद मागं बसतो, एकावर एक. भांड्याच्या खाली डोंगर झालाय." त्यांनी हाताने डोंगर करून दाखवला. "पन एका दिवसात एवढा कागद? कोन वापरतं?"

निखिल म्हणाला, "मी नाही." शलाका म्हणाली, "मी थोडा."

मी चहा ढवळत होते. त्या चहात साखर केव्हाची विरघळली होती.

अन्वरभाईंनी माझ्याकडे बघितलंच नाही. भला माणूस. नुसतं म्हणाले, "आत भिंतीवर सगळं लिहिलेलं हाय की. आधी पाणी भरा, मग बसा, मग परत पाणी."

तो चिकटवलेला कागद दोन दिवस माझ्या नाकासमोर होता. मला वाटलं, जाहिरात असेल. शिका, हे आमच्या माणसांना सांगितलेलं पहिलं वाक्य, आणि नेमकं तेवढंच माझ्याकडून राहिलं. मुलांना शिकवलं, नातीला शिकवलं, स्वतःपुरतं म्हटलं राहू दे, मला कुठे काय वाचायचं आहे. आणि अडलं कुठे, तर संडासात.

"मी," मी म्हटलं. "कागद मी वापरला. आवाज होऊ नये म्हणून खाली अंथरला. पाणी घातलं नाही, वाचवलं."

मग शलाकाला हसू फुटलं, तोंडावर ओढणी धरली तरी थांबेना. निखिलचे कान लाल झाले. म्हणाला, "आजी, यापुढे तुम्ही आत गेलात की मी मोठ्याने गाणी लावत जाईन."

"लाव हो. म्हणजे गाणं लागलं की अख्ख्या रस्त्याला कळेल, आजी आत आहे."

अन्वरभाईपण हसले. माझ्यासमोरच्या बाकावर बसले आणि, त्यांच्यात मावशीला खाला म्हणतात, तसं म्हणाले, "खाला, टाकीचं मानसासारखंच हाय. पाणी कमी पडलं की अडतं. तुमी दिवसाला किती पिता?"

डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून जे सांगितलं ते या माणसाने टाकीखाली वाकून ओळखलं.

"आता काय करायचं?" मी विचारलं. "हात घालावा लागेल?"

"तौबा! हात नाय, काठी नाय, बांबू नाय. पाणी आनि सबर."

मग त्यांनी सांगितलं तसं केलं. टपरीवालीने मोठ्या पातेल्यात पाणी तापवलं. उकळतं नाही, अंगाला सोसेल एवढंच, नाहीतर टाकीचं प्लास्टिक वाकतं. त्यात भांडी घासायच्या साबणाचं वाटीभर पाणी. तिच्या नळाला लांब पाइप लावला, तो भांड्यातून खाली सोडला आणि थोडं थोडं थांबत, मुरू देत, टाकी पाऊण भरली. दांडी बंद. "आता तीन तास फिरवा," अन्वरभाई म्हणाले. "गुळगुळीत रस्त्यानं नको. खड्डे चुकवू नका."

निखिलने आजवर खड्डे चुकवण्यातच आयुष्य घालवलेलं. "कुठला रस्ता घेऊ?" त्याने विचारलं.

"कुठला पन घ्या. रायगडात हाव तुमी."

एवढ्या भक्तिभावाने खड्ड्यात गाडी घालणारी आम्हीच असू. प्रत्येक आदळआपटीला शलाका म्हणायची, "छान, आणखी एक!" मागे टाकीत डबडब आवाज. माझी कंबर बोलायला लागली, पण मी तिला म्हटलं, तू गप्प बस, चूक आपली आहे.

दुपारी मुरुडच्या अलीकडे अन्वरभाईंचा टँकर उभा होता. त्यांनी कोपरापर्यंत जाड हातमोजे घातले, तोंडाला मास्क लावला, पाइपचं तोंड आमच्या टाकीला पेचाने आवळलं आणि निखिलला सांगितलं, खेच दांडी. क्षणभर काहीच नाही. मी हात जोडून उभी होते, कोणाला ते विचारू नका. मग आत धबाककन काहीतरी कोसळल्यासारखा आवाज झाला आणि पाइप गाईच्या गळ्यासारखा हलायला लागला. सगळं गेलं. कोणाचा हात लागला नाही. अन्वरभाईंनी ठरलेले पैसे घेतले, वर दिलेले परत केले. "भनीला सलाम सांगा," म्हणाले.

आगरदांड्याहून दिघीला गाड्या नेणारी बोट असते. वेळा विचारून जा, तिकीट गाडीच्या आकाराप्रमाणे. पलीकडे उतरलो तेव्हा ऊन कलत आलं होतं. वाडीत पोचलो तर कमल अंगणात उभी होती. सहा वर्षांत ती माझ्याएवढी म्हातारी झाली होती, म्हणजे मी तिच्याहून जास्त झाले असणार. आम्ही रडलो बिडलो नाही. तिने गाडीला एक चक्कर मारली आणि विचारलं, "बोंबील भायेर का टांगलंत?"

तिसरा दिवस: कमलची वाडी

सकाळी मी कमलकडून काचेच्या तीन बरण्या मागितल्या. अन्वरभाईंनी सांगितलेली परीक्षा. एकीत आमचा फुलांचा कागद, दुसरीत बोर्लीच्या दुकानातला साधा एका थराचा, तिसरीत शलाका तोंड पुसायला वापरते तो ओला रुमाल. तिन्हींत पाणी घालून हलवलं आणि ओट्यावर ठेवलं.

"बाय, ह्ये कसलं लोणचं घातलंस?" कमलने विचारलं.

घावन आणि नारळाचा रस खाऊन होईपर्यंत साध्या कागदाचं ताक झालं होतं. फुलांच्या कागदाचे लगदे तसेच तरंगत होते. ओला रुमाल तर धुऊन वाळत घालता आला असता. तुम्ही अशी गाडी घेणार असाल तर आधी घरी ही बरणी करा. जो कागद ताक होईल तोच न्या. ओले रुमाल, पॅड, कापूस भांड्यात कधीच नाही, त्याला झाकणाची वेगळी बादली. टाकी रिकामी केली की पहिल्यांदा दोन बादल्या पाणी आत सोडायचं, कोरड्या टाकीवर बसायचं नाही. दर वेळी बसण्याआधी थोडं आणि नंतर तांब्याभर पाणी. दांडी बंद ठेवायची, टाकी अर्ध्याच्या बरीच वर गेली की मगच उघडायची, म्हणजे सगळं एका लोंढ्यात जातं. गाडीचं पाणी कमी पडेल असं वाटलं तर वेगळे डबे भरून घ्या, पण इथे चिक्कूपणा करू नका. केला त्याचं काय झालं ते वर वाचलंत.

शलाकाने भिंतीवरच्या कागदाशेजारी पेनाने चित्र काढलं: तांब्या, खाली बाण, भांडं. मला म्हणाली, "आजी, वाच." मी वाचलं.

कमल हे सगळं दारातून बघत होती. मी म्हटलं, "चल माझ्याबरोबर. पंधरा दिवस राहा."

"न्हाय बाय. मला सारखं जावं लागतं, तुला म्हाईत हाय."

"म्हणून तर संडास घेऊन आले तुझ्या दारात. माहेरच्यांनी पालखी पाठवली असती का एवढी?"

"तुझा जावई बसलेला असतो."

"तो गाणी लावतो."

ती हसली नाही. दुपारी मी जरा लवंडले होते, तेव्हा गाडीचं दार वाजलं. खिडकीतून बघितलं, तर कमल एकटीच आत गेली होती. बऱ्याच वेळाने पाण्याचा आवाज आला. परत थोडा आवाज आला. मी डोळे मिटून घेतले. संध्याकाळी बघते तर तिने पिशवी भरलेली.

चौथा दिवस: माणगाव, वाकण, घर

परत येताना बोट घेतली नाही, म्हसळा, माणगाव असे महामार्गाने आलो. कमल खिडकीशी. तिने सकाळपासून पाण्याला तोंड लावलं नव्हतं आणि मी आग्रह केला नाही. मीही साठ वर्षं ऐकलं नव्हतं कोणाचं. माणगाव गेलं तेव्हा तिने माझा हात धरला आणि वाकणपर्यंत सोडला नाही.

वाकणच्या फाट्यावर चहाला थांबलो. पालीहून देवदर्शन करून आलेली एक बस तिथे उभी होती आणि हॉटेलच्या एकुलत्या एक संडासासमोर पंधरा-वीस बायकांची रांग. दाराला कुलूप, चावी असलेला माणूस जेवायला गेलेला. रांगेतली एक म्हातारी पाय एकमेकांवर आवळून उभी होती. तो उभं राहण्याचा प्रकार मी लांबून ओळखते.

पण माझ्याआधी कमल उठली. सहा वर्षं वाडीबाहेर न पडलेली माझी बहीण गाडीच्या दारात उभी राहून म्हणाली, "ओ मावशी, हितं या. आत हाय."

मग काय! निखिल न सांगता उतरला आणि लांब जाऊन उसाचा रस पीत बसला. मी संडासाच्या दाराशी बसले. "पाणी घाला हो, भरपूर घाला, तांब्याचं चित्र बघा." शलाका रसवाल्याकडून बादल्या भरून आणत होती. अकरा जणी येऊन गेल्या. कोणी आशीर्वाद दिले, कोणी प्रसादाचा नारळ ठेवला. एकीनेही विचारलं नाही, तुम्ही कोण, पाणी कोणाच्या हातचं. मी मनात त्या जुन्या विहिरीला म्हटलं, बघ. टाकीनेही चकार आवाज केला नाही.

शेवटची बाई उतरल्यावर कमल म्हणाली, "बाय, पाणी दे जरा." आणि अर्धा पेला प्यायली.

पंधरा दिवस म्हणून आलेली कमल महिना राहिली. त्या महिन्यात आम्ही दोघी रोज सकाळी ओट्याशी उभ्या राहून भरलेला पेला पीत असू, औषध प्यायल्यासारखं तोंड करून. माझी जळजळ कमी झाली, हे डॉक्टरीणबाईंना सांगायचं राहिलंय. प्रवासातून काय उरलं म्हणाल तर पांढऱ्या कांद्याची अर्धी माळ आणि साध्या कागदाची ती बरणी. शलाका फेकू म्हणते, मी खिडकीत ठेवली आहे. आता तिच्यात नुसतं पांढुरकं पाणी दिसतं, कागद कुठे गेला सांगता येत नाही. समुद्र म्हणाल तर तो उरणलाही आहे.

गेल्या शनिवारी तीच गाडी पुन्हा आणली, कमलला पोचवायला. ती पायरी चढत होती तेव्हा मी आईचा तांब्या घेऊन गेले, तोच, जो आईने माझ्या हातातून काढून घेतला होता आणि मागून माझ्याच वाट्याला आला. काठोकाठ भरलेला. म्हटलं, "पी. वाटेत अडचण नाही."

कमलने तांब्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. मग वर न बघता सगळा प्यायली, पदराने तोंड पुसलं आणि तांब्या माझ्यापुढे धरला.

"आनि हाय का?"